एक दिवसाआड अर्धा तास

हिरामण भोईरांनी चपला दारात काढल्या आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "बाई, माझ्या पोराच्या नावानी कोनतरी काम करतंय. ते कोन, त्ये शोधा. न्हायतर पोराची नोकरी गेली."

विमा कंपनीतली तपासाची नोकरी सोडून विद्युल्लता कर्णिक भिवंडीत स्वतःचं काम करू लागल्या, त्याला नऊ वर्षं झाली होती. सोबतीला दीर प्रभाकर, निवृत्त मास्तर. निष्कर्षाला पोचायची त्यांना भारी घाई.

हकिगत अशी होती. हिरामणांच्या मुलाने, अंजूरच्या कुणालने, युरोपातली एक नोकरी सोडून तिथलीच दुसरी धरली. वर्क परमिट जुन्या कंपनीच्या नावाचं, म्हणून नवं मिळेपर्यंत तो घरी आला. नव्या कंपनीने लॅपटॉप पाठवला, पुढच्या कामांची यादीही पाठवली. पण परमिट हातात येईपर्यंत त्यातलं काहीही करायचं नाही, भारतात बसूनही नाही, अशी सक्त अट घातली. आता त्याच्याच नावाने दोन आठवडे काम झालेलं कंपनीला दिसलं होतं, तेही अंजूरच्या घरच्या वायफायवरून. शुक्रवारपर्यंत खुलासा नाही आला, तर नोकरी आणि परमिटचा अर्ज, दोन्हींवर पाणी.

"पोरगा म्हन्तो, मी बोट लावलं न्हाय," हिरामण म्हणाले. "माझा इस्वास हाय. कंपनीचा न्हाय."

अंजूरला जाताना रिक्षात हिरामणांशेजारी बसून प्रभाकर कंपनीचा कागद वाचत होते. "सोमवारी दहा ते साडेबारा काम. मध्ये अकरापासून अर्धा तास काहीच नाही. मंगळवारी सलग. बुधवारी पुन्हा अकराला खंड. गुरुवारी सलग. चहा घेत असेल, वहिनी."

"एक दिवसाआड?"

प्रभाकरांनी कागदाची घडी घातली.

कुणालच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "दहाला मी बाबांबरोबर कोन गावच्या गोडाऊनला जातो, एकला येतो. पण तिथले साक्षीदार सगळे आमचेच. कंपनी मानणार नाही."

"लॅपटॉप कुठे असतो?"

"वरच्या खोलीत." तो ओशाळला. "पासवर्ड कपाटावर चिकटवलाय. माझ्या लक्षात राहत नाही."

शेजारचा गंधार भिंतीला टेकून उभा होता. या घरात त्याला मुक्तद्वार. त्यानेही याच कंपनीत अर्ज केला होता आणि त्याला नकार आला होता.

"सकाळी तू कुठे असतोस?"

"घरीच. माझी ड्युटी घरूनच असते. मॅडम, कुणालवर जळतो मी, खोटं कशाला बोलू? पण हे मी नाय केलं."

प्रभाकरांनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजर टाकली.

कुणालची धाकटी बहीण मृणाली चहा घेऊन आली. आई गेल्यापासून घर तिच्याच अंगावर होतं. कप ठेवता ठेवता तिने विचारलं, "त्यातलं एखादं काम कंपनीने परत पाठवलं का, दादा?"

"नाही ना. बाराच्या बारा पसंत पडली," कुणाल कडवटपणे म्हणाला. "तू जा आत."

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "पानी आलं गो!" मृणाली ट्रे तिथेच टेकवून धावली. मागच्या अंगणात ड्रम सरकवल्याचा आवाज झाला.

"तुझ्या घरी कोण भरतं रे?" विद्युल्लताबाईंनी विचारलं.

"आई भरते," गंधार म्हणाला. तो हलला नाही. कुणालही हलला नाही.

बाईंनी घड्याळ पाहिलं. बुधवार, अकरा वाजून दोन मिनिटं. मग अर्धा तास त्या मागच्या अंगणातला पाण्याचा आवाज ऐकत राहिल्या. मृणाली हात पुसत आत आली, तेव्हा त्यांनी तिलाही सगळ्यांबरोबर बसायला सांगितलं.

"भाऊजी, तुमचा गंधार यात नाही. हेवा आहे, पासवर्डही सहज दिसतो. पण अकराला त्याचा हात थांबायचं कारण नाही. कुणालचंही नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, अर्धा तास. ते भरायला हातातलं टाकून या घरात कोण उठतं, ते आत्ता सगळ्यांनी पाहिलं."

सगळे मृणालीकडे वळले.

"चोराला सापडण्याची धास्ती असते. काम परत आलं का, ही काळजी ज्याने काम केलं त्याची."

मृणालीने मान वर केली. "लादी पुसताना लॅपटॉपवर दिसायचं. यादीत मुदत टळल्याच्या लाल खुणा वाढत होत्या, दादा हात लावत नव्हता. वाटलं, त्याला जमत नाहीये आणि सांगायची लाज वाटतेय. मला जमत होतं."

"परमिटची अट माहीत नव्हती?"

"ते बोलणं निघालं की मला चहा टाकायला पाठवायचे."

प्रभाकरांना फार वाईट वाटलं. त्यांनीही मघाशी तिच्याकडे फक्त चहापुरतं पाहिलं होतं.

"काम तुम्ही केलं नाही, हे या वेळांवरून आणि हिच्या कबुलीवरून मांडता येईल," विद्युल्लताबाई कुणालला म्हणाल्या. "परमिटचा अर्ज त्यावर वाचेल. नोकरीचं सांगता येत नाही. लॅपटॉप तुम्हीच मोकळा ठेवलात."

कुणालने मोबाइलवर खुलासा लिहिला आणि वाचून दाखवला. "'माझ्या अशिक्षित बहिणीने न कळता बटणं दाबली.' असं लिहिलं तर सोडून देतील कदाचित."

"पाठव, दादा," मृणाली खाली बघून म्हणाली. "तुझं होऊ दे."

"पुस त्ये," हिरामण म्हणाले.

"बाबा, नोकरी जाईल!"

"जाऊ दे. पोर बीएस्सी हाय, कॉम्प्युटरची. कालेजात पयली आली व्हती. मी घरात बसवली तिला. तसंच लिव, माझं नाव घालून."

कुणालचा अंगठा बराच वेळ मोबाइलवर तसाच राहिला. मग त्याने ते वाक्य पुसलं आणि मृणालीला विचारलं, "तुझ्या डिग्रीवर नाव कसं आहे गं? मी कधी बघितलीच नाही."