चौथी जोडी

चौथी जोडी ओली होती.

तसं एवढंच. बाकी काही वावगं नव्हतं. दाराशी बुटांच्या चार जोड्या होत्या आणि आम्हीही चौघे होतो. पण त्या संध्याकाळी गॉलवेत पाऊस नव्हता, नुसता वारा होता. आणि केतकीचे पांढरे बूट मात्र पाण्यातून काढल्यासारखे निथळत होते. डाव्या बुटाला तिने स्वतः ओवलेली लाल नाडी. मी वाकून बोट लावलं आणि लगेच झटकलं, इतका तो गार होता. मनात म्हटलं, बाईसाहेबांनी खाली वर्तमानपत्र तरी टाकायचं. मग दार लावलं. वरची कडी, खालची कडी, दोन्ही.

शनिवार, १३ डिसेंबर, संध्याकाळचे साडेसहा. वेळ पक्की आठवते, कारण गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, ती मला तीनदा विचारली. मी तिन्ही वेळा तीच सांगितली. बुटांचंही सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

आमच्या चिंचवडच्या घरी बाबा रात्री चपला मोजून कडी लावतात. कोण आलंय, कोण यायचंय, सगळं चपलांवरून कळतं. हाका मारत बसावं लागत नाही. मी पहिल्यापासूनची घाबरट, त्यामुळे ही सवय मी उचलली ती उचललीच. इथे शिकायला आल्यावर स्वोर्ड्सला केतकी आणि मी एका खोलीत राहायचो. तिथेही झोपायच्या आधी मी मोजायचे. दोन जोड्या, मग कडी. केतकी पांघरुणातून म्हणायची, "मोज, मोज. एक दिवस तीन निघतील."

ही ट्रिप तिच्यासाठीच काढली होती. केतकी, मी, ध्रुव आणि इंद्रनील एकाच वर्गातले. एमएस्सीचं शेवटचं सत्र संपत आलेलं. आम्हा तिघांना नोकऱ्या लागल्या होत्या, तिला नाही. नागपूरहून तिच्या बाबांनी जानेवारीचं परतीचं तिकीट काढून पाठवलं होतं. माझ्या नोकरीची जाहिरात मला तिनेच पाठवली होती. "तू पण भर ना गं, दोघी जाऊ," म्हणाली होती. त्यांनी मला घेतलं.

ट्रिपसाठी भाड्याने घेतलेलं घर शहराबाहेर, गल्लीच्या अगदी शेवटी. पुढचं दार गल्लीत, स्वयंपाकघराची खिडकी मागे समुद्रावर. बेल नाही. मालकीणबाई म्हातारी, गोड. किल्ली देताना म्हणाली, "वाऱ्याने दार उघडतं हं. अंधार पडला की दोन्ही कड्या लावा, मग ग्रँड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत झकास. तिथे साडेचारलाच अंधार पडतो.

ख्रिसमसचा बाजार फिरून आम्ही पाचला परतलो. चहा घेताना ध्रुव म्हणाला, "केतकी, फोटो नीट बघून काढ यार. जानेवारीनंतर गॉलवे गूगलवरच बघायचंय तुला."

इंद्रनील हसला. मीही हसले.

केतकीने माझ्याकडे बघितलं. ध्रुवकडे नाही, माझ्याकडे. कप ठेवला, "जरा जाऊन येते," म्हणाली आणि बूट घालून बाहेर पडली. मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर दाराशी चार जोड्या. म्हणजे आली. वर तिच्या खोलीचं दार लोटलेलं. ध्रुव म्हणाला, "रुसलीय. राहू दे, भूक लागली की उतरेल."

मला वर जाऊन सॉरी म्हणायचं होतं. लाज वाटली. म्हटलं, जेवताना म्हणेन.

इंद्रनीलने खिचडी टाकली. ध्रुवला अंधारात गोष्टी सांगायची हौस, म्हाताऱ्यासारखा घसा खाकरून सुरू झाला, "माझ्या मामांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. रात्री एकटेच मोटारसायकलवरून…"

तेवढ्यात दार वाजलं.

सव्वासात. पुढचं दार. तीन थापा.

"भारी टायमिंग," इंद्रनील म्हणाला. पण उठला कुणीच नाही.

"कोण असेल?"

"शेजारी?"

"इथे शेजार कुठाय?"

मी म्हटलं, "उघडू नका. मी जोड्या मोजल्यात. आपले सगळे आत आहेत."

हे मी म्हटलं. शब्दन् शब्द असाच.

परत थापा. आता जोरात. आणि त्याच वेळी डोक्यावर, केतकीच्या खोलीत, जमिनीची फळी करकरली. कुणीतरी पलंगावरून उठून खिडकीशी गेल्यासारखी. ध्रुवने वर बोट दाखवलं. "बघ. ती पण ऐकतेय."

थापा थांबल्या.

मग मागून हाक आली. समुद्राच्या बाजूने.

"यामिनीऽ…"

मला हाक. आवाज केतकीचा. पण केतकी वर होती. आत्ताच फळी वाजली होती. आमच्याकडे सांगतात, अंधारात नावाने हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारतं. ते दुसरं असेल तर दोनदाच.

इंद्रनीलने गॅस बंद केला.

"यामिनी… अगं…"

दोन.

मी हात लांब करून स्वयंपाकघराचा दिवा मालवला. बाहेर जे काही होतं त्याला आम्ही दिसू नये म्हणून.

तिसरीची वाट बघितली.

ती आली नाही.

पावणेआठला इंद्रनील म्हणाला, "खिचडी गार होतेय. बोलाव तिला." मोबाइलचा उजेड धरून मी वर गेले. दार ढकललं. पलंगावर चादर सपाट, एक सुरकुती नाही. तिचा फोन चार्जिंगला लावलेला. कोट नाही.

खाली धावले.

दाराशी तीन जोड्या होत्या.

चौथीच्या जागी फरशी कोरडी. दोन्ही कड्या लागलेल्या. मी लावल्या होत्या तशाच.

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण नंतर सांगणं मला जमायचं नाही. रविवारी सकाळी पोहायला आलेल्या लोकांना केतकी सापडली. घराच्या मागे, खडकांत. गार्ड म्हणाले, पुढचं दार उघडेना म्हणून खिडकीतला दिवा बघून ती मागून यायला निघाली असावी. खडकांवर असताना तो दिवा गेला असावा. पायात तिचे पांढरे बूट होते. डाव्याला लाल नाडी, दोन गाठी मारलेली.

तिची आई नागपूरहून फोनवर रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू ओ का नाही दिलीस गं?"

मी जोड्या मोजल्या होत्या, काकू. हे कसं सांगायचं कुणाला.

पण शनिवारी आठ वाजता आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. दार उघडं टाकून आम्ही तिघे गल्लीत धावलो. ध्रुव टॉर्च घेऊन गल्लीच्या टोकाच्या भिंतीवर चढला. पलीकडे नुसता फेस. काळं पाणी.

मी हाक मारली. "केतकीऽ…"

वारा.

मागे दार धाडकन लागलं. "वाऱ्याने," इंद्रनील म्हणाला.

मी दुसऱ्यांदा ओरडले. "केतकी…"

मग आवाज आला. लहानसा. लोखंडाचा.

वरची कडी.

जरा थांबून… खालची.

ध्रुव भिंतीवरून उतरला. आम्ही तिघेही बाहेर होतो. तिघांचे बूट आमच्या पायांत.

मी दाराशी गेले. खाली पत्रं टाकायची फट असते, तिचं झाकण उचललं. गुडघे टेकले. आत दिवा होता. फरशी दिसत होती.

एक जोडी. पांढरी. निथळत होती.

हाक मारली. तिसऱ्यांदा. अगदी हळू.

"केतकी…"

फटीच्या पलीकडून, अगदी जवळून, गार श्वास आला.

"ओ."