माळ्यावरच्या टाकीचा पाइप

लाकूड कापायच्या गिरणीतली दुसरी पाळी सुटली होती, बस अजून यायची होती. विटोल्डकाकांनी शेगडीत एक फळकूट सारलं.

"झेनॉन माझा शेजारी. त्याच्या घरात घडलेलं सांगतो. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या."

पोरं हसली नाहीत. दमली होती.

मागच्या वर्षीची दोन फेब्रुवारी. चर्चमधून मंतरलेली मेणबत्ती घरी आणतात, ती रात्र. संध्याकाळी झेनॉन पाइपाचा एक साधा जोड आणायला बाजारात गेला.

"जोड संपले," दुकानदार म्हणाला. "हा कॉक घेऊन जा. माप तेच आहे."

झेनॉन आठवडाभर पाळी करून घरी नवी चूल बसवत होता. वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. लाल दांडीचा तो कॉक खिशात टाकून तो परतला.

त्या चुलीच्या पोटात पाणी तापतं आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. एक पाइप मात्र सरळ माळ्यावरच्या उघड्या टाकीत जातो. तापलेलं पाणी फुगतं, त्याला तीच वाट. ती बंद झाली की चूल फुटते, घरासकट.

झेनॉनचे सासरे लुद्विक जन्मभर अशाच चुली बसवत आले. "त्या पाइपावर कॉक लावणारा घरात बॉम्ब ठेवतो," म्हणायचे. नवी चूल पेटवण्याआधी ते स्वतः माळ्यावर चढायचे. खालून झेनॉनने पाना पाइपावर वाजवायचा. वरून दोन ठोके आले, तर पेटव. एक आला, तर थांब. पानगळीत ते गेले. नात बघायची राहिली.

झेनॉनला हे सगळं आठवत होतं. तरी माळ्यावर चढून त्याने त्याच पाइपावर कॉक बसवला. उद्या काढू, म्हणाला. वरचा जोड ठिबकत होता, म्हणून कॉक बंद करून तो आवळला. मग खाली उतरला.

"झेनेक, पेटतेय का आज?" आतून त्याची बायको हालिना म्हणाली; लाडाने ती त्याला झेनेक म्हणते. ती दुपारीच बाळाला घेऊन दवाखान्यातून आली होती. "पोरीचे पाय बर्फ झालेत."

"दोन मिनिटं गं."

"दुपारपासून तुझी दोन मिनिटंच चाललीत. बाबा असते तर एव्हाना घरात उकडून घाम फुटला असता."

"बाबा असते तर मी झोपलो असतो."

त्याने चुलीत लाकडं रचली. सवयीने पाना पाइपावर वाजवला, आणि स्वतःशीच हसला. वर होतं कोण?

काडी ओढली.

ठण्.

वरून. एकच.

थंडीने लोखंड आखडलं असेल... त्याने दुसरी काडी काढली.

ठण्.

"झेनेक... वर कोण आहे?"

"कोणी नाही."

काडी बोटापर्यंत जळत आली. त्याने ती टाकली. मेणबत्ती पेटवून शिडी चढला.

माळ्यावर काळोख. टाकी. पाइप. लाल दांडी... आडवी.

बंद.

  झेनॉनने दांडी उभी केली. पाइपात पाणी गुडगुडलं.

खाली येऊन त्याने पाना वाजवला. 

शांतता...

ठण्. ठण्.

त्याने चूल पेटवली. घर तापलं, तसा तो भिंतीला टेकून बसल्या जागी झोपला.

काका थांबले. बसचे दिवे वळणावर दिसले. कोणी उठलं नाही.

"मग?"

"सकाळी कॉक काढायला तो वर गेला. कॉक उघडा होता, पण दांडी जागेवर नव्हती. बिनदांडीचा कॉक कोण बंद करणार? दांडीचा नट मात्र परत घट्ट बसवलेला."

"हालिनाने काढली असेल."

"ती बाळंतीण, शिडी कशी चढेल? आणि दांडी सापडली पाळण्यात. दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला लाल फीत बांधतो ना आपण, तिलाच टांगलेली, खुळखुळ्यासारखी. पाणी गळू नये म्हणून पाइपाच्या आट्यांना गुंडाळतात त्या तागाने बांधलेली. झेनॉन ताग उजवीकडून गुंडाळतो, सगळेच गुंडाळतात. हा डावीकडून होता. लुद्विक डावखुरे होते."