उबदार कपाट

सेतू ३७. सोहोनी, प्रभंजन. स्थिती: जागा. पकड: १.

अकरा दिवस पडद्यावर हीच नोंद होती. पकडीचा आकडा शून्यावर येत नव्हता, आणि तो आल्याशिवाय प्रभंजनकाकांना झोप लागणं शक्य नव्हतं.

ऋजुता मोडकने प्रयोगशाळेत शिरताच जेवणाचा डबा सवयीने कोपऱ्यातल्या पोलादी कपाटावर ठेवला. तिथे तो दुपारपर्यंत गरम राही. आत चार्जिंगच्या पट्ट्या होत्या. सगळेच तिथे डबे ठेवत.

पलीकडे खाटेवर काका बसले होते. वय बहात्तर, डोळे लाल. काल गोदावरीवर पत्नीचा, सुनेत्राबाईंचा दहावा झाला, असं ते सांगत होते. कावळा लगेच शिवला.

"तिचं काही राहिलं नव्हतं," ते म्हणाले. "मग माझंच काय अडलंय?"

आणखी दोन दिवस असेच गेले तर हृदय टिकणार नाही, असं मेंदूतज्ज्ञ डॉ. इनामदारांनी ऋजुताला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना मेंदू कळत होता. काकांच्या डोक्यात बसवलेला सेतू चालवणारी आज्ञावली तिची होती.

"सर, सेतूची बॅटरी एवढीशी," ती म्हणाली. "म्हणून नियम साधा ठेवला. ज्याला सेतू हवा, त्याने पकड घ्यायची. काम झालं की सोडायची. पकड शून्य झाली की सेतू आपोआप झोपतो."

"आणि सेतू झोपल्याशिवाय मेंदू झोपत नाही. मग आत्ता पकड कुणाची आहे?"

तिने ते आल्यापासून तीनदा तपासलं होतं. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

धारक: सेतू ३८. सोहोनी, सुनेत्रा.

दोघांचंही विस्मरण वाढल्यावर त्यांना जोडीने स्मृतिसेतू बसवले होते. दोघांच्या सामायिक आठवणी निम्म्या काकांच्या सेतूत, निम्म्या काकूंच्या. एकाला काही आठवायचं झालं की दुसऱ्याचा सेतू जागा होई. सुनेत्राबाई गेल्या तेव्हा इनामदारांनीच त्यांचा सेतू काढून घेतला होता. चितेत बॅटरी फुटते. नियमाप्रमाणे तो पाच वर्षं जपायचा, म्हणून कपाटातल्या खणात ठेवला. बंद केला नाही, कारण बंद करायचं बटणच नव्हतं. ऋजुताला त्याचाच अभिमान होता: इथे कुणी काही बंद करत नसे. नको झालं की वस्तू आपल्या आपण झोपत.

"पण डोकंच नाही, तर तो आठवतोय काय?"

"जागा सेतू रिकामा बसत नाही, सर. उजळणी करतो. आठ वर्षं मेंदूला चिकटून तेच शिकलाय. निम्मी आठवण काकांकडची लागते, म्हणून काकांच्या सेतूवर पकड. त्याने काकांचा जागा राहतो, तोही उजळणी करतो, त्याची काकूंच्या सेतूवर पकड. दोघं एकमेकांना झोपू देत नाहीत."

"आमच्या घरी हे सेतूशिवाय चालतं," इनामदार पुटपुटले. "पण मग पूर्वी कसे झोपायचे हे दोघं?"

"एकाचा मेंदू पेंगला की त्याचा सेतू पकड सोडायचा, मग दुसऱ्याचाही सुटायचा. आता त्या बाजूला पेंगायला कुणी नाही. ती बाजू सोडत नाही, आणि ही जागीच."

काका ऐकत होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे ती जागी आहे?"

"यंत्र आहे ते, काका."

"अकरा दिवस? त्या कपाटात?"

काका कपाटाकडे बघत राहिले.

"आधी तिला झोपव, पोरी. मग मला."

सक्तीची सोड लिहायला तिला दीड तास लागला.

सेतू ३८. पकड: ०. स्थिती: निद्रा.

सेतू ३७. पकड: ०. स्थिती: निद्रा.

काका बसल्या जागी कलंडले. इनामदारांनी त्यांना सावरून आडवं केलं. मिनिटभरात ते घोरू लागले, तेव्हा इनामदार अकरा दिवसांत पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, चल, आता जेवून घेऊ.

ऋजुता डबा घ्यायला गेली. डबा गरम होता.

तिने कपाटावर तळवा टेकवला.

सेतू वीज ओढेल तेव्हाच पट्टी तापते. झोपलेला सेतू वीज ओढत नाही. तो नियमही तिनेच लिहिला होता. तिच्या माहितीप्रमाणे आत जागा होता तो एकच सेतू, अकरा दिवस. तो आता झोपला. पण डबे इथे तीन वर्षं गरम राहत होते.

खाली बाकीचे खण होते. नवरा गेला, मग पंधरवड्यात बायको गेली. बहीण गेली, मग भाऊ. दोघंही गेलेल्या जोड्या. मागे राहिलेला शोकाने गेला, असंच सगळ्यांनी धरलं; तक्रार कधी आली नव्हती. झोप न लागल्याची तक्रार करायला कुणी तरी उरावं लागतं.

ती पडद्याकडे परतली आणि तिने पहिल्यांदाच सगळ्या कपाटाची स्थिती विचारली.

सेतू ४. जागा. धारक: सेतू ५. दिवस: १,१४६.

सेतू ५. जागा. धारक: सेतू ४. दिवस: १,१४६.

सेतू १२. जागा. धारक: सेतू १३. दिवस: ९०२.

सेतू १३. जागा. धारक:

यादी सरकत राहिली.

"ऋजुता, डबा आण ना इकडे," इनामदार मागून म्हणाले. "गार होईल."

"नाही होणार, सर."