पुढच्या सीटचा पट्टा

नंदकुमारनं डोकं खाल्लं म्हणून लिहितोय. नाहीतर मला कसली आलीय हौस! इथल्या मराठी मंडळाच्या अंकात पानं रिकामी राहिली आणि या सेक्रेटरीला आठवलं, ‘अण्णा, तुमची ती सिनेमातली गंमत लिहा की.’ गंमत म्हणे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच पान उलटावं. सगळ्यांचं एकदा पोटभर हसून झालेलंच आहे.

माझं शिक्षण जेमतेम. सांगलीला हळदीच्या पेठेत पोती उचलली, पुढे मुकादम झालो. बायको गेल्यावर लेकीनं, अरुणानं, इकडे कॅनडात, विनिपेगला आणलं. लेकीच्या घरी राहून जेवायचं याची आमच्या पिढीला मुळातच शरम. बेसमेंटमध्ये माझी खोली. वर लेक, नात ऊर्मी आणि जावई शैलेंद्रराव. जावई सिनेमावाल्यांना जागा शोधून देतात. पडकं घर, ओसाड शेत, मागाल ते. एवढ्यावर माणसाला पगार मिळतो हे मला कितीतरी दिवस पटतच नव्हतं.

मग त्यांनीच समजावलं. प्रांताचं सरकार सिनेमावाल्यांना पगाराचा काही वाटा परत देतं. पण माणसं इथली पाहिजेत. शहराबाहेर पुरेसे दिवस काम केलं तर वाटा आणखी वाढतो. त्या वर्षी आलेल्या सिनेमातला म्हातारा कथेत टोरांटोला मरत होता. पैसा आमच्या मॅनिटोबा प्रांतात मिळत होता, म्हणून तो बिचारा इथं येऊन मेला.

“अण्णा, एका दिवसाचं काम आहे,” शैलेंद्रराव म्हणाले. “दहाव्याचा सीन आहे. तुम्ही मेलेल्याचे भाऊ. धोतर नेसून उभं राहायचं.”

“नोव्हेंबरात धोतर?”

“आतून थर्मल घाला. इथला पत्ता असलेली म्हातारी माणसं मिळत नाहीत हो.”

जावयाचं मीठ खातोय. नाही कसं म्हणणार?

सेलकर्क गावाच्या पलीकडे कुठल्यातरी कच्च्या रस्त्यावर ते घर होतं. चहूकडे कापणी झालेली सपाट रानं. घराच्या मागं धान्य साठवायची पत्र्याची कणगी. वारा आला की ती घुमायची, पोटातून कण्हल्यासारखी. आत उंदरांचा, जुन्या धान्याचा कुबट वास.

“कुणाचं घर हे?” मी विचारलं.

“मालक कॅल्गरीला असतो. परवानगी घेतलीय.”

“मालकाचं नाही विचारलं. इथं राहत कोण होतं?”

“ते शोधायचं माझं काम नाही, अण्णा.”

बरं म्हटलं.

सामानवाल्या पोरांनी पिंड करून ठेवला होता तो कापसाचा. डिंकानं थापलेला, वर काळे मणी, तीळ म्हणून. माझं टाळकं फिरलं. पिंड म्हणजे भाताचा! ग्रोसरीतनं तांदूळ मागवले आणि त्या घराच्या किचनमध्ये शेगडी लावून स्वतः भात शिजवायला घेतला. तिथं एकच खुर्ची होती. लाकडी, जाड. पाठीला चामड्याचा पट्टा खिळ्यांनी ठोकलेला, बसणाऱ्याच्या पोटावरून आणून आवळायचा असावा तसा. पट्टा हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. मी त्यावर पंचा वाळत टाकला आणि भाताकडं बघत उभा राहिलो.

कपडेपटाच्या बाई आत आल्या. सिबिल पेणकर त्यांचं नाव. टोरांटोहून आलेल्या, मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. मराठी तुमच्या-माझ्याहून चोख.

“अण्णा, कापसाचाच राहू द्या हो,” त्या हळूच म्हणाल्या. “खोटं आहे तोवर बरं आहे.”

“कापसाला कावळा शिवतो होय?”

“मग नाव कुणाचं घेणार?”

पिंड ठेवायचा तर कुणाच्या तरी नावानं. सिनेमातला म्हातारा तर जन्मलाच नव्हता. जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नसतं. बायकोचं घेणार नव्हतो, तिच्या पिंडाला कावळा हात काढायच्या आत शिवला होता, ती सुटली. म्हणून मी भात वळला, तीळ लावले आणि नाव न घेता अंगणात नेऊन ठेवला. केळीचं पान प्लास्टिकचं होतं. भात तेवढा खरा.

कावळे थंडीमुळं दक्षिणेला गेलेले. पिंजऱ्यातनं शिकवलेला पक्षी आणला होता, कोंबड्याएवढा काळाकुट्ट, कावळ्याचा थोरला भाऊ शोभावा असा. त्यानं यावं म्हणून सांभाळणाऱ्यानं भातात मांसाचा तुकडा खुपसला. पिंडात मांस! मी तोंड फिरवलं. पण पक्षी काही जाईना. सोडला की दोन उड्या मारायचा, थांबायचा, पिसं फुगवून आमच्याकडं पाठ करायचा. शेवटी पिंजऱ्यात जाऊन बसला आणि दार आपलं आपण चोचीनं ओढून घ्यायला लागला.

उजेड उतरायला लागला. नोव्हेंबरात इथं दुपार संपते न् संपते तोच अंधार. टोरांटोचा पोरगेला डायरेक्टर येरझाऱ्या घालत होता. त्यानं जावयांना विचारलं, कावळा आला नाही तर तुमच्यात काय करतात? जावयांनी सांगितलं. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर घरचं माणूस पुढं होऊन शब्द देतं. शब्द पटला की कावळा शिवतो. डायरेक्टरनं टाळीच वाजवली. म्हणाला, हेच पाहिजे! त्या अंकलना बोलू दे.

शैलेंद्रराव माझ्याजवळ आले. “अण्णा, काहीतरी शब्द द्या.”

“कुणाला देऊ? नाव घेतलेलं नाही मी. बिननावाच्या पिंडावर जो उपाशी तो येतो, शैलेंद्रराव.”

“आज झालं नाही तर परत इथं येणं नाही. उरलेलं शहरात स्टुडिओत करतील. बाहेरचे दिवस भरणार नाहीत, सरकारचा वाटा कमी होईल, आणि खापर माझ्यावर. पुढचं काम कोण देईल मला?”

“घरात ऊर्मी आहे. कशाला नसती…”

“अण्णा, प्लीज. एवढ्या लोकांत माझी अब्रू घालवू नका. बोला काहीही. मराठी कळतंय कुणाला इथं?”

अब्रूचं नाव काढल्यावर काय करणार? पुढं झालो. हात जोडले. पायांत थंडी चढत होती, थर्मलवर धोतर फडफडत होतं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. आणि खोटं बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर तोंडातनं खरंच आलं…

“तुझी आबाळ होऊ द्यायचो नाही. आमच्या घरला चल. माझ्या पानातलं पहिलं तुला.”

कणगी घुमायची थांबली. वारा चालूच होता, पण कणगी थांबली.

मग घराच्या पन्हळीवरनं कावळा उतरला. पिंजऱ्यातला नव्हे. लहान, सडपातळ, मान राखाडी. इथले कावळे नखशिखांत काळे असतात, कधीही बघा. हा आपल्याकडचा होता. सांगलीत पत्र्यावर बसतो तो. सरळ आला, पिंडात चोच घातली, एक घास उचलला आणि उडून गेला तो उघड्या दारातनं घराच्या आत.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिबिलबाईंनी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

पोरं बॅटऱ्या घेऊन आत गेली. कावळा कुठं दिसला नाही. खिडक्या तर सगळ्या फळ्या मारून बंद. मी पंचा घ्यायला किचनमध्ये गेलो. पंचा खाली पडला होता. खुर्चीचा पट्टा सुटून लोंबत होता.

निघताना सिबिलबाईंनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. “शब्द दिलात ना अण्णा… आता पाळा. नाही पाळलात तर…”

गाडीत मी नेहमीसारखा मागं बसलो. शैलेंद्रराव एकदम खुशीत. “बाप काम केलंत, अण्णा!” गाडी सुरू झाली आणि पुढून आवाज यायला लागला. टिंग… टिंग… टिंग… शेजारच्या सीटवर माणूस बसून पट्टा लावला नाही की वाजतो तो.

“बॅग आहे म्हणून वाजतंय,” ते म्हणाले आणि सीटवरची बॅग माझ्याकडं दिली.

टिंग… टिंग…

“सेन्सर गेला वाटतं.”

रानातनं सरळ रस्ता. दोन्हीकडं काळोख. टिंग… टिंग… पेट्रोल पंपावर शेवटी त्यांनी वैतागून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटका दाबला. आवाज बंद. “झालं!” म्हणून हसले.

मी मागनं बघत होतो. रिकाम्या सीटवर पट्टा सपाट चिकटायला पाहिजे. तो चार बोटं वर होता… आणि सावकाश वरखाली होत होता.

घरी पोचल्यावर मी बोललो नाही. काय बोलणार? लेकीच्या घरी आधीच मी एक आश्रित, आणि वर आणखी एक आणला, तोही कोण ते न विचारता? त्या रात्री अरुणानं पानं वाढली. आम्ही चौघं. पानं पाच.

“हे कुणाचं गं?”

“कुठलं? चारच तर आहेत, अण्णा.” मोजून दाखवली तिनं, बोट लावून. पाचव्यावरनं बोट नुसतं पुढं सरकलं.

तेव्हापासून माझ्या पानातला पहिला घास मी त्या पानात ठेवतो. पान आवरायच्या वेळेला तो नसतो. ऊर्मी पूर्वी शाळेला जाताना पुढं बसायची, आता मागं बसते. का म्हणून विचारलं तर म्हणाली, “इट्स क्राउडेड, अण्णा.” आणि कानात गाण्याची बोंडं घातली.

आता शरमेचं. सिनेमा कुठं लागला नाही. पण तेवढ्या सीनची सीडी जावयांनी मिळवली आणि मंडळाच्या संक्रांतीला पडद्यावर लावली. सगळं गाव जमलेलं. मोठ्या पडद्यावर मी कुडकुडतोय, धोतराखालून थर्मल दिसतंय, आणि हात जोडून म्हणतोय, आमच्या घरला चल. हॉल हसून लोळला. तिळगूळ घ्यायला उठलो तर अरविंद देशमाने म्हणतो, “अण्णा, आम्ही पण येऊ का हो घरला? पहिला घास देणार ना?” आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते माझे जावई. ज्यांनी अब्रू वाचवा म्हणून मला पुढं केलं, ते. मी वॉशरूममध्ये जाऊन बसलो, लोक जाईपर्यंत.

मी भूतबित म्हणालो नाही, म्हणतही नाही. तुम्ही थट्टा करायला मोकळे.

पण परवा सकाळी मी ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करत होतो. शैलेंद्रराव कामाला निघाले, एकटेच. त्यांना वाटलं काचेवर धुकं आहे, मला दिसत नाही. स्वतःचा पट्टा लावायच्या आधी त्यांनी वाकून शेजारचा ओढला, जपून, झोपलेल्या लेकराला लावावा तसा. खटक्यापर्यंत तो पुरेना. आणखी सोडला. तरी पुरेना. मग सीटच मागं सरकवली, जागा करून दिली, आणि कसाबसा खटका लावला.

माझ्या हातचं खाऊन अंगाला लागलंय म्हणायचं.

काच खाली झाली. आमची नजरानजर झाली. त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी मान खाली घालून गाडी काढली.

अंक ते वाचतातच, म्हणून नंदकुमारला हो म्हटलं. चारचौघांत हसलात, चारचौघांतच माफी मागा. उशीर करू नका, गाडीतली जागा कमी होत चाललीय… शैलेंद्रराव.