वलांडीवरची मुलगी

"ताई, शाळा का सोडलीस?" असं रिद्धीने धाकटी बहीण म्हणून कधी विचारलं नव्हतं; आज संशोधक म्हणून, छापील प्रश्नावली मांडीवर घेऊन विचारलं.

"अब्यासात रस नव्हता," नवसी म्हणाली, आणि एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून तिने ती जोडी बांबूच्या वलांडीवर वाळत टाकली.

कुटुंबांचं मागासलेपण पिढ्यान्‌पिढ्या का टिकतं, हा रिद्धीच्या प्रबंधाचा विषय. सुरुवात आपल्याच गावापासून, नवापूरपासून करायची, कारण तिथे जेवण फुकट. आजीने शाळा का सोडली? रस नव्हता. आईने? तेच. एकाच घरात तीन पिढ्यांना रस नाही, म्हणजे हा दोष रक्तातूनच येत असावा, असं कुणाही मार्गदर्शकाला वाटलं असतं.

रिद्धीही नात्यागोत्यात बिनदिक्कत सांगे, "ताईला शिकायचंच नव्हतं." ते शब्द नवसीच्या अंतःकरणात वर्षानुवर्षं काट्यासारखे सलत होते, पण खोटं आपणच रचलेलं, तक्रार करायची कोणाकडे? सातवीत ती पहिली आली, त्याच वर्षी रिद्धी पहिलीत जायची होती आणि वलांडीला घरातली एक मुलगी लागत होती. बापाला निवड करावी लागू नये म्हणून नवसीने स्वतःच 'रस नाही' असं सांगून टाकलं होतं.

आता प्रश्नावली नवसीच्या मुलीकडे, हिराकडे वळली. हिरा अकरावीत. आईची पाठ दुखायला लागली म्हणून दिवाळीपासून घरी, वलांडीवर. सोमवारपर्यंत आली नाही तर नाव कमी करू, असा बोईसरच्या कॉलेजचा निरोप होता. तिच्या धाकट्या भावाची, दर्पणची शिकवणी मात्र चालू होती.

"कॉलेजला का जात नाहीस गं?"

हिराने बोंबलावरची नजर काढली नाही. "अब्यासात रस नाय, मावशी."

तोच सूर, तीच खाली घातलेली मान... नवसीला स्वतःचाच आवाज लेकीच्या तोंडून ऐकू आला, आणि आपण काय करून बसलो ते एका क्षणात कळलं.

"खोटं बोलते ती," नवसी म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"मीपन असंच बोलले हुते. तुज्यासाटी."

रिद्धीच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले.

"कागद भिजवू नको," नवसी म्हणाली. "तू काय केलंस त्यात? सा वर्सांची हुतीस." मग लेकीकडे वळली. "सोमवारी कॉलेजात जायचं. माजी पाट माजी हाय, तुजी नाय."

"आनि वलांडी?" हिराने विचारलं.

"मी आहे," रिद्धी नाक पुसत म्हणाली.

विद्यापीठाला तिने क्षेत्रकार्य वाढल्याचं कळवलं, आणि ते खोटंही नव्हतं.

सोमवारी हिरा एसटीने बोईसरला गेली. रिद्धीने टांगलेल्या जोड्या मात्र टपाटप खाली पडू लागल्या. गल्लीतली कुत्री जमली आणि शिस्तीत बसून राहिली.

"ताई, मला जमत नाही गं."

"कसं जमंल? शिकलेली तू." आणि त्या दिवशी नवसी कितीतरी वर्षांनी हसली. मग तिने बहिणीचा हात हातात घेतला आणि जबडा कुठे उघडतो ते दाखवलं.