कडेवरचं मूल

सबेला बाटलीत पाणी भरायला हॉस्टेलमधून खाली उतरली, तेव्हा अंजिराच्या गल्लीतल्या संत आंतोनियोच्या कडेवरचं मूल नाहीसं झालेलं होतं, आणि उभी गल्ली तिच्याचकडे बघत होती.

जूनमध्ये लिस्बनच्या जुन्या वस्तीत गल्लीगल्लीतून संताची आरास मांडतात. इथली आरास हॉस्टेलच्या आणि दोना इदालिनाच्या दारांच्या मधोमध होती. लाकडी पायऱ्या, कागदी फुलं, सर्वांत वर वीतभर उंचीचा संत. त्याच्या हातातल्या पुस्तकावर बोटभर लाकडी बाळ, देवाचं लेकरू, लाल फितीने बांधलेलं असायचं. आता पुस्तक होतं, बाळ नव्हतं.

समोर बेल्मिरो उभा होता. धंद्याने न्हावी, पण जून लागला की गल्लीच्या उत्सवाचा प्रमुख. त्या महिन्यात त्याच्या आवाजाला वेगळीच धार चढायची.

"काल संध्याकाळी तुम्ही इथे वाकला होतात, बाई?"

"वाकले होते."

"कशाला?"

"तुळशीचा वास घ्यायला. तीन दारांत तीन कुंड्या आहेत. तिन्हींचा घेतला."

"नाक लावून?"

"मग वास कशाने घेतात?"

गर्दीतून नाराजीचा एक सूर उठला. उत्सवातल्या त्या गोल, बारीक पानांच्या तुळशीवरून नुसता तळवा फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा. नाक लावलं की तुळस मरते, हे या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक असतं. सबेला सरहद्दीपलीकडची, स्पेनच्या गालिसियातली. दोन्हीकडच्या भाषा चुलत बहिणींसारख्या, त्यामुळे बोलायला अडत नव्हतं. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"माझी तुळस बघा," वरच्या खिडकीतून दोना इदालिना कडाडली. सत्तरी उलटलेली ही विधवा, गल्ली जिला आदराने दोना म्हणायची, त्याच घरात जन्मली, त्याच घरात म्हातारी झाली. "एका रात्रीत मान टाकली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय हिला वाकलेली. येतात, घरं खातात, आता देवाचं लेकरूही पळवतात."

तुळशीने खरोखरच मान टाकली होती.

बेल्मिरोने सॅक बघू द्या म्हटलं. सबेलाने ती वरून आणली आणि सगळ्यांसमोर रस्त्यावर उपडी केली. मोजे, टोपी, कॉफीचं भांडं, आतले कपडे, गुडघ्याचा पट्टा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं सगळं बिऱ्हाड दगडी फरशीवर पसरलं. आयुष्यात एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती. पण तिने एकही वस्तू हाताने झाकली नाही.

"बघा. हवं तेवढा वेळ बघा."

बाळ मिळालं नाही. एव्हाना दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. बेल्मिरोने निकाल देऊन टाकला. संध्याकाळी मिरवणूक गल्लीत येईल. तोवर बाळ जागेवर आलं नाही, तर तो पोलिसांना बोलावणार.

हॉस्टेलची मालकीण ग्रासिया तिला आत घेऊन गेली. चाळिशीची, चटपटीत बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, की दुपारची बस आहे, तिने निघून जा. या लोकांचं डोकं उत्सवात ठिकाणावर नसतं. चार दिवसांत सगळे विसरतील.

"मी विसरेन का?" सबेलाने विचारलं.

बस तिला नवी नव्हती. लुगो गावात ती शाळेची बस चालवायची. बस भरून पोरांमधून खोडी करणारं पोर शोधण्यात तिचा हात कुणी धरला नसता. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच ती एकटी बाहेर पडली होती. "या वयात सॅक घेऊन? एकटीने?" म्हणून मुलीने आकाशपाताळ एक केलं होतं. चोरीचा आळ घेऊन ती परत गेली असती, तर पुन्हा उंबरा ओलांडायची सोय उरली नसती. आज तिला किल्ला बघायचा होता, पिवळ्या ट्रामला लटकायचं होतं. तिने नकाशाची घडी घालून ठेवून दिली.

"मी चोरी केलेली नाही," ती ग्रासियाला म्हणाली. "त्यामुळे मी कुठेही जाणार नाही."

आधी ती आराशीपाशी गेली. बेल्मिरो राखणदारासारखा खुर्ची टाकून बसला होता. हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं. तिने हात पाठीमागे बांधले आणि नुसतं पाहिलं. संताच्या पायाशी लाल फीत पडलेली होती. कापलेली, तोडलेली नव्हे. गाठ सोडवून तिची नीट घडी घातलेली. घडीवर बाळाच्या डोक्यामागचं वलय ठेवलेलं होतं.

"हे चांदीचं?"

"अस्सल. माझ्या पणजोबांच्या काळातलं."

"मग चोराने लाकूड नेलं आणि चांदी ठेवली?"

परक्या माणसाला ते कथलाचं वाटलं असेल, असं तो म्हणाला. ते पटवून द्यायला आपल्या स्वतःच्या संताचं कथलाचं वलय दाखवतो म्हणून तिला दुकानात घेऊन गेला. तिथे आरशामागे, पाण्याच्या पेल्यात, एक छोटा संत आंतोनियो डोकं खाली, पाय वर करून उभा होता.

"याने काय केलं?"

"काही करत नाही, हेच तर दुखणं आहे. भावाला नोकरी लावून दे म्हणून सांगितलंय. लागेपर्यंत राहील असाच," बेल्मिरो गंभीरपणे म्हणाला. "त्याला गोड बोलून काही होत नाही, बाई. जरा दाबात घ्यावं लागतं."

सबेला हसली नाही. तिच्या मावशीने लग्न जुळेपर्यंत याच संताला विहिरीत टांगलं होतं.

मग ती ग्रासियाकडे वळली. आराशीमुळे हॉस्टेलचं अर्धं दार अडत होतं, पाहुण्यांच्या बॅगा अडकत होत्या, आणि ती हलवा म्हणून ग्रासियाने आठवडाभर कटकट केली होती. हे तिने मोकळेपणाने कबूल केलं. पण काल संध्याकाळपासून ती बहिणीकडे, नदीपलीकडे होती. सकाळी आली ती बेल्मिरोच्या देखतच. बेल्मिरोनेही ते खरं म्हणून सांगितलं.

"दोना इदालिनाच्या दारात खोकी कसली आहेत?" सबेलाने विचारलं.

"ती महिनाअखेर जातेय. घर विकलं गेलं."

"कुणाला?"

ग्रासियाला त्याच क्षणी जुडग्यातली कुठली तरी किल्ली शोधायची होती.

सबेला तिन्ही कुंड्यांपाशी जाऊन आली. न्हाव्याच्या दारातली तुळस हिरवीगार होती. हॉस्टेलच्या दारातलीही. इदालिनाची कुंडी आता खिडकीच्या कठड्यावर होती, अगदी आराशीच्या समोर. पानं लोंबत होती. कुंडीच्या बुडातून मात्र पाणी ठिबकत होतं, म्हणजे माती ओलीचिंब होती.

"पाणी घातलंत का?" तिने खालून विचारलं.

"साठ वर्षं तुळस लावतेय मी. तू मला शिकवू नकोस," म्हातारी म्हणाली. "निघ इथून."

"निघा म्हणणारे आज खूप भेटले. मी संध्याकाळी आहे इथेच."

संध्याकाळी गल्लीत तारली मासे भाजायला लागले. धुराने डोळे चुरचुरत होते, कागदी पताका हलत होत्या, आणि माणसं दाटीवाटीने बाकांवर बसली होती. सबेला मधोमध येऊन उभी राहिली, तसं बोलणं थांबलं. दोना इदालिनाही खाली येऊन आपल्या दारात बसली होती. कुंडी तिने मांडीवर घेतली होती.

"मग, बाई?" बेल्मिरो म्हणाला. "मिरवणूक कोपऱ्यावर आलीय."

"तुम्ही मला रस्त्यावर सॅक उपडी करायला लावलीत. आता मी बोलते ते रस्त्यावरच ऐका." तिने आराशीकडे बोट दाखवलं. "विकायला चोरणाऱ्याने चांदी सोडली नसती. घाईत चोरणाऱ्याने फीत तोडली असती. इथे गाठ सोडवली, फितीची घडी घातली, वलय हरवू नये म्हणून वर ठेवलं. हे ज्याने केलं त्याला ते बाळ परत ठेवायचं आहे. पण आज नाही."

"मग कधी?" बेल्मिरोने विचारलं.

"तुमचा संत पेल्यातून कधी निघणार आहे?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"काम झालं की," बेल्मिरो हळूच म्हणाला.

"तेच. कुणी त्याला उलटा करतं, कुणी विहिरीत टांगतं. आणि ज्याचं गाऱ्हाणं फार मोठं असतं, तो त्याच्या कडेवरचं मूल काढून घेतो. माझं काम कर, मग तुझं मूल देते. ही चोरी नाही. हे ओलीस धरणं आहे. माझ्यासारख्या वाटसरूला तुमच्या संताकडे एवढं काय मागायचं असणार? हे गल्लीतल्याच माणसाचं काम."

"कुणाचं?"

"ओलीस ठेवलेलं मूल बापाला दिसलं पाहिजे, पण हाताला लागता कामा नये. नाहीतर त्याला घोर कसा लागणार? म्हणजे बाळ आराशीसमोरच कुठेतरी आहे." तिने तिन्ही दारांकडे बोट फिरवलं. "काल मी तीन तुळशींना नाक लावलं. माझं नाक एवढं विषारी असतं, तर तिन्ही मेल्या असत्या. दोन टवटवीत आहेत. तिसरीची माती ओली आहे आणि पानं लोंबतायत. पाणी असून रोप मान टाकतं ते मुळं हलली की. रात्रीतून कुणीतरी ते रोप उपटून पुन्हा लावलंय. तुम्ही सगळ्यांनी माझ्या नाकाला दोष दिलात आणि कुंडीत कुणी डोकावलं नाही."

आता कुणी सबेलाकडे बघत नव्हतं. इदालिनाने कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"माझ्या बसमध्ये खोडी झाली, की मी सर्वांत आधी ओरडणाऱ्या पोराकडे बघायचे," सबेला म्हणाली. "दोना इदालिना, मी अजून तुमचं नाव घेतलेलं नाही."

म्हातारी उठली. रोप तिने बुडाशी धरून मुळासकट उचललं आणि मातीत बोटं घातली. रुमालात गुंडाळलेलं बाळ तिने बाहेर काढलं, फुंकर मारून त्याच्या तोंडावरची माती उडवली आणि सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"मी नेलं. आणि देणार नाही." तिने संताकडे बोट दाखवलं. "त्याला सांगितलंय मी. माझं घर दे, तुझं पोर घे. साठ वर्षं मी याची फुलं बदलतेय. आजवर काही मागितलं नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. आता मागतेय."

बेल्मिरो खाली बघत म्हणाला, "इदालिना, आम्हाला सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, काय करणार."

ते खरं होतं.

"घर कुणी घेतलं ते हिला ठाऊक आहे," सबेला ग्रासियाकडे वळली. "सकाळी मला उत्तर द्यायचं राहिलं होतं."

ग्रासियाने हनुवटी वर केली. "मी घेतलं. कायद्याने घेतलं. तुमच्यासारख्यांना झोपायला पलंग लागतात, बाई. ते कुठून येतात असं वाटलं तुम्हाला?"

हे सबेलाला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती आत गेली, सॅक घेऊन आली, आणि खोलीची किल्ली ग्रासियाच्या हातात ठेवली. मग इदालिनासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं दुःख मला कळतं. पण तुम्ही मला चोर म्हणालात, तेही खरं माहीत असताना. तो शब्द आधी परत घ्या. इथेच, याच लोकांसमोर."

क्षणभर वाटलं, म्हातारी आत जाऊन दार लावेल.

"तू चोर नाहीस," ती अखेर मोठ्याने म्हणाली. "मी खोटं बोलले. मला सगळे परके एकाच तोंडाचे दिसायला लागले होते. चुकलं माझं."

सबेलाने मान हलवली. तिचे डोळे भरून आले. तारल्यांचा धूर होताच, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"आता घर सुटेपर्यंत ते बाळ देऊ नका," ती म्हणाली.

ढोल गल्लीच्या तोंडाशी आले. लोकांनी बेल्मिरोकडे पाहिलं. त्याने फितीची घडी उचलून खिशात टाकली आणि संताला तसाच, बाळाविना, दोन्ही हातांवर उचलून मिरवणुकीपुढे नेला. पुढच्या गल्लीतल्यांनी विचारलं, मूल कुठंय? त्याने थांबून सांगितलं, इदालिनाकडे आहे, आणि का आहे तेही. त्यापुढच्या गल्लीतही थांबला. तिथेही कुणाचं तरी घर विकलं गेलेलं होतं.

त्या रात्री सबेला इदालिनाच्या खोक्यांमधल्या जागेत झोपली.

सकाळी घराची मापं घ्यायला दोन माणसं मोजपट्टी घेऊन आली. दाराच्या पायरीवर इदालिना बसली होती, मांडीवर नव्याने लावलेली तुळस. तिच्या शेजारी बेल्मिरो दुकान बंद करून बसला होता. त्याच्या मागे गल्लीतली आणखी काही मंडळी खुर्च्या घेऊन येत होती. आणि अगदी मधोमध, दार पुरतं अडवून, सबेलाची सॅक होती आणि सॅकला टेकून सबेला.

फोन वाजला. मुलगी होती. सहल पुरे झाली, घरी कधी येतेस, असं विचारत होती.

सबेलाने समोर बाळाविना उभ्या असलेल्या संताकडे पाहिलं.

"त्याच्या कडेवर मूल आलं की," ती म्हणाली, आणि मापं घेणाऱ्यांना जागा होऊ नये म्हणून पाय आणखी पसरून बसली.