येतो

दार लोटून घ्या रे. आणि मधेच हसायचं नाही, सांगून ठेवतो. हे माझ्या सख्ख्या मेहुण्यांच्या बाबतीत घडलेलं आहे.

मेहुणे रिटायर्ड वायरमन. बंदराजवळच्या जुन्या कचेरीत गावाच्या इतिहासाचं छोटंसं संग्रहालय आहे, ते चार-पाच म्हातारे मिळून चालवतात. त्यातलेच हे एक, बिनपगारी आणि फुल अधिकारी! तिथे बंदराचा जुना वायरलेस मांडलाय. कधीच बंद पडलेला, आता नुसतं खोकं.

रोज कुलूप लावायच्या वेळेला एक काकू यायच्या आणि त्या खोक्यासमोर बसायच्या. त्यांचा नवरा बोटीवर होता. तरुणपणी एका पहाटे दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. कपातला चहा तसाच टाकून तो उठला आणि दारातून म्हणाला, "जातो." येतो नाही म्हणाला. जातो! बोट परत आलीच नाही. याच वायरलेसवरून रात्रभर त्याला हाका मारल्या होत्या.

"एकदा 'येतो' म्हणाला असता ना भाऊ, तर मी सुखानं डोळे मिटले असते," काकू म्हणायच्या.

मेहुण्यांना ते ऐकवेना. शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच म्हणू! खोक्यात लहानसा स्पीकर बसवला, माइक मागच्या खोलीत. मी म्हटलं, नसत्या उठाठेवी करू नका. पण ऐकतील तर ते मेहुणे कसले!

गेल्या नोव्हेंबरातली अमावस्या. शनिवार. वारा पडलेला. काकू येऊन बसल्या. मेहुणे मागच्या खोलीत गेले, माइक तोंडाशी धरला. घसा खाकरणार, तेवढ्यात...

"येतो."

पुरुषाचा आवाज. पुढच्या खोलीतून.

मेहुण्यांनी माइककडे पाहिलं. तार... जोडायचीच राहिली होती.

काकू हळूच म्हणाल्या, "ये."

 

मेहुणे बाहेर आले. काकू पदर सारखा करत उठल्या होत्या. रोज निघताना "येते हं भाऊ" म्हणायच्या. त्या रात्री दारात वळल्या... हसल्या...

"जाते हं, भाऊ."

सकाळी शेजारणीला त्यांचं दार सताड उघडं दिसलं. काकू खुर्चीत. गेलेल्या. चेहरा शांत.

समोर टेबलावर चहाचे दोन कप. एक भरलेला, वर साय धरलेली.

दुसरा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलेला. तळाशी ओली वाळू.